अंगणातल्या पाखरांचे अभ्यासक : डॉ. सलीम अली

आपल्या घराच्या अंगणात, खिडकीच्या कठड्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात दररोज कितीतरी पाहुणे येऊन जात असतात. त्यांना कोणी आमंत्रण धाडलेले नसते, आणि त्यांच्या येण्याची वा जाण्याची वार्ताही घरात कोणाला नसते. उन्हाळ्याच्या दिवसांत मातीच्या परळात पाणी भरून ठेवावे, शेजारी मूठभर ज्वारी पसरावी आणि आपण दाराआड स्वस्थ उभे राहावे, म्हणजे हे पाहुणे एकेक करून प्रकट होऊ लागतात. आधी चिमणी येते. मग आपला तोरा मिरवीत साळुंकी येते. बुलबुल पाण्यात डुंबून जातो. आणि सर्वांत शेवटी, बिचकत बिचकत, होल्याची जोडी उतरते. आपल्या आयांनी आपल्याला पहिला घास भरविला तोच मुळी काऊचिऊच्या नावाने. असे असूनही ह्या शेजाऱ्यांविषयी आपल्याला काय ठाऊक असते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना मान खाली घालावी लागेल.

फ्रीगंजातील टावर चौकातून आमचे विद्यार्थी रोज ये-जा करतात. टावरच्या घड्याळाकडे सर्वांची नजर जाते, कारण शाळेची वेळ चुकवून चालत नाही. परंतु दुकाने उघडण्यापूर्वी त्याच चौकात कबुतरे कोठून उतरतात, साळुंक्या कोणत्या फटीत काड्या नेतात, चिमण्यांची संख्या कोणत्या ऋतूत वाढते, हे पाहणारा विद्यार्थी विरळा. हे पाहण्यासाठी पैसा लागत नाही, दूरचा प्रवास लागत नाही; लागते ती केवळ दृष्टी आणि धीर. ह्या दोन गुणांच्या बळावर ज्याने आपल्या दाराशी असलेल्या एका सामान्य पाखराचे अज्ञात जीवन जगापुढे मांडले, आणि पुढे भारतीय पक्षिशास्त्राचा आधारस्तंभ म्हणून ज्याला मान मिळाला, त्या डॉ. सलीम अली ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली ह्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईस एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. ह्या पोरक्या मुलांचा सांभाळ त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम ह्यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. मामा शिकारीचे शौकीन होते, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे घरातील मुलांच्या हाती छऱ्याची बंदूक लवकरच आली. आज आपल्याला ही गोष्ट खटकेल. पण पक्ष्यांच्या ह्या जिवलग मित्राची पक्ष्यांशी पहिली ओळख बंदुकीच्या नळीतून झाली, हे सत्य लपवून ठेवण्याचे कारण नाही.

1906-07 च्या सुमाराची एक हकीकत आहे. घराच्या तबेल्यातील भिंतीच्या एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर राखण करी. बाल सलीमने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला आणि तोही तिच्या दाराशी राखणीला बसला. तोही टिपला, तर तिसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर मारले गेले. कोणाही दांडग्या मुलाने एवढे केले असते आणि विसरून गेला असता. ह्या मुलाने मात्र ती घटना जशीच्या तशी लिहून ठेवली. क्रौर्य बालवयाचे होते. परंतु जे पाहिले ते टिपून ठेवण्याची सवय शास्त्रज्ञाची होती. पुढे कित्येक दशकांनी ही नोंद पक्षिनिरीक्षकांच्या वाचनात आली, तेव्हा चिमण्यांच्या जीवनक्रमाविषयी ती उपयुक्त ठरली.

त्यानंतर काही काळाने त्यांच्या छऱ्याने आणखी एक चिमणी खाली पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मग ही कोण? मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या, 1883 साली स्थापन झालेल्या संस्थेकडे धाडले. संस्थेचे सचिव मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. एका गोऱ्या साहेबापुढे मेलेली चिमणी घेऊन उभे राहताना त्या मुलाच्या छातीत किती धडधडले असेल! परंतु मिलार्डसाहेबांनी त्याला हसण्यावारी नेले नाही. ती पीतकंठी रानचिमणी आहे असे त्यांनी सांगितले. संस्थेच्या कपाटांतून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे नमुने काढून दाखविले. वाचावयास पुस्तके दिली. एका जाणत्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नाकडे आस्थेने लक्ष दिले, त्यातून एका आयुष्याला दिशा मिळाली. आम्हां शिक्षकांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवण्याजोगी आहे. डॉ. अलींनी उतारवयात आत्मचरित्र लिहिले (ते 1985 साली प्रसिद्ध झाले), तेव्हा त्याच्या नावातही ह्या पडलेल्या चिमणीची आठवण ठेवली.

यशस्वी पुरुषांची चरित्रे वाचताना विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की, ह्या लोकांचा मार्ग पहिल्यापासून सरळ असावा. सलीम अलींच्या बाबतीत तसे मुळीच नव्हते. 1913 साली ते मॅट्रिक झाले आणि सेंट झेवियर महाविद्यालयात गेले. पण तेथे त्यांचे मन रमले नाही आणि पहिल्याच वर्षानंतर त्यांनी महाविद्यालय सोडले. कुटुंबाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथे खाणींच्या व लाकडाच्या व्यवहारापेक्षा भोवतालच्या अरण्यातील पाखरांनीच त्यांचे चित्त अधिक वेधून घेतले. 1917 मध्ये ते मुंबईस परतले. पुढे झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर ह्यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तथापि विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्या पदरी पडली नाही, आणि पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची एक सरकारी जागाही त्यांना मिळू शकली नाही. 1918 च्या डिसेंबरात तेहमिना ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या सुशिक्षित व धीराच्या पत्नीची साथ नसती तर पुढील बिकट काळ त्यांना निभावता आला असता की नाही, ह्याची शंकाच आहे.

1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून जागा मिळाली. प्रेक्षकांना आपण जे सांगतो ते अपुरे आहे ह्या जाणिवेने त्यांनी 1928 मध्ये रजा घेतली आणि ते बर्लिनला गेले. तेथील विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान हे त्या काळातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांना सलीम अलींनी जन्मभर गुरू मानले. मेलेल्या पक्ष्यांची पिसे मोजणे म्हणजेच पक्षिशास्त्र नव्हे. जिवंत पक्षी कसा राहतो, कसा वागतो हे जाणणे ही त्या शास्त्राची पुढील पायरी आहे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

ही विद्या घेऊन 1930 मध्ये ते स्वदेशी परतले, तो पैशाअभावी त्यांची संग्रहालयातील जागाच रद्द झालेली! वय तेहतीस वर्षांचे, हाती पदवी नाही, नोकरी नाही आणि मुंबईसारख्या शहरातील खर्च डोक्यावर. अशा वेळी कोणीही मिळेल ती कारकुनी पत्करून पाखरांचा नाद सोडून दिला असता, आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. सलीम अली व तेहमिनाबाई ह्यांनी मुंबईचा मुक्काम हलविला आणि ते किहीमला जाऊन राहिले.

किहीम हे अलिबागजवळचे समुद्रकाठचे लहानसे गाव. आम्हां कोकणपट्टीतील माणसांना अशी गावे परिचित आहेत : नारळीपोफळीच्या वाड्या, त्यांमागे भातखाचरे, आणि खाचरांच्या कडेला एखादी विहीर. पावसाळा सुरू झाला की खाचरांत हिरवे पाते डोलू लागते, आणि त्याच सुमारास सुगरण पक्ष्यांची लगबग सुरू होते. सलीम अलींच्या घराजवळच सुगरणींची एक वसाहत होती. हा पक्षी काही दुर्मिळ नव्हे. आसेतुहिमाचल त्याचे खोपे लोंबत असतात. पंचतंत्रकारांनी त्याला गोष्टीत आणले आणि आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्यांनी त्याच्या खोप्यावर कविता केली. ज्याच्याकडे सारा देश शतकानुशतके पाहत आला, त्याच्यात नवे काय सापडणार, असे कोणालाही वाटले असते. रिकाम्या हातांच्या त्या माणसाने ठरविले की, हेच पाखरू आपण पाहायचे.

त्यांनी एक शिडी उभी केली, तिच्या माथ्यावर कापडाचा आडोसा बांधला आणि त्यात बसून खोप्यांकडे पाहण्याचा क्रम सुरू केला. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, तर विणीचा सबंध हंगाम. बाहेर कोकणातला पाऊस. कोणता नर कोणत्या खोप्याचा, कोणता खोपा किती दिवसांत किती विणून झाला, मादी केव्हा आली, कोठे बसली, केव्हा निघून गेली, ह्यांची नोंद वहीत होत राहिली.

आपल्या भाषेत सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी आहे. घरकामात निपुण असलेल्या गृहिणीला आपण सुगरण म्हणतो, म्हणून हा खोपा मादीच विणते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः गवताचे व भाताच्या पातीचे लांब धागे सोलून आणून विणकाम करतो तो डोक्यावर पिवळी टोपी मिरविणारा नर. सलीम अलींना जे दिसले ते ह्याहून नवलाचे होते. नर खोपा पुरा करीतच नाही. शिरस्त्राणाच्या आकाराएवढा अर्धा भाग झाला की तो थांबतो, पंख फडफडवितो आणि माद्यांची वाट पाहतो. माद्या थव्याने येतात; एकेक खोपा आतून बाहेरून तपासतात; चोचीने ओढून पाहतात. मनास आला तर एखादी मादी त्यात ठाण मांडते. न आला तर सरळ निघून जाते. पसंती मिळाली म्हणजेच नर उरलेला भाग आणि खाली लोंबणारी लांब नळी विणून पुरी करतो. मादी अंडी घालून उबविण्यास बसली की हा गृहस्थ जवळच दुसरा अर्धा खोपा विणावयास घेतो, आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो! नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. झाडावर दिसणाऱ्या त्या अपुऱ्या खोप्यांचे कोडे अशा रीतीने उलगडले. एकामागून एक जोडीदारीण करण्याची ही पद्धत त्यांनी प्रथमच नीटपणे उजेडात आणली. त्यांचा निबंध 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले.

विद्यार्थिमित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. नोकरी टिकली असती तर सलीम अली त्या पावसाळ्यात संग्रहालयाच्या दालनात प्रेक्षकांना माहिती सांगत असते. संकटाने त्यांना किहीमला नेले. परंतु संकट सर्वांवरच येते. त्या संकटाच्या दिवसांत दाराशी जे होते ते तुच्छ न मानता त्यांनी त्याकडे पाहिले, हा त्यांचा खरा मोठेपणा होय.

किहीमनंतर त्यांनी एक धाडसी मार्ग काढला. आपल्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करून देतो, मेहनताना नको, केवळ प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा, असे त्यांनी संस्थानांना कळविले. हैदराबादपासून हा क्रम सुरू झाला. पुढे त्रावणकोर-कोचीन झाले. 1938 च्या सुमारास ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ ह्या संस्थानांच्या मुलखाची, म्हणजे मध्य हिंदुस्थानाची पाहणी झाली. आपले उज्जैन त्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात मोडत होते, म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष अगत्याची वाटते. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही, अशा सामग्रीवर हे काम चाले, आणि अनेक मुक्कामांत तेहमिनाबाई बरोबर असत. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा आघात दारुण होता. सलीम अली बहिणीच्या व मेहुण्यांच्या आश्रयाने राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा म्हणून लिहिलेल्या ह्या पुस्तकाने पक्षिनिरीक्षणाचा छंद साहेबांच्या बंगल्यातून आपल्या घरांत आणला.

पाहणे आणि छायाचित्र घेणे ही दोन्ही कामे एकाच जातीच्या धीराची आहेत. सलीम अलींचे जिवलग मित्र लोक वान थो ह्यांनी हे दाखवून दिले. हे सिंगापूरचे धनाढ्य व्यापारी. 1942 साली सिंगापूरवर युद्धाचे संकट आले तेव्हा ज्या जहाजातून ते निघाले होते त्यावर बाँब पडले. ते जखमी झाले, दृष्टी जाण्याचे भय उत्पन्न झाले, आणि शेवटी ते भारतात आले. येथे त्यांची सलीम अलींशी गाठ पडली. ज्या डोळ्यांवर प्रसंग गुदरला होता, त्याच डोळ्यांनी ह्या गृहस्थाने पक्ष्यांची अप्रतिम छायाचित्रे घेतली. घरट्यापासून दूर कापडाची राहुटी उभारायची, पक्ष्याला तिची सवय होऊ द्यायची, ती हळूहळू जवळ सरकवायची आणि मग आत तासन्‌तास निश्चल बसायचे, असा हा उद्योग. दोघा मित्रांनी कच्छसह अनेक ठिकाणी बरोबर भ्रमंती केली, आणि सोसायटी आर्थिक अडचणीत असताना लोक ह्यांनी सढळ हाताने साहाय्य केले. 20 जून 1964 रोजी तैवानमधील विमान-अपघातात त्यांचा अंत झाला.

सलीम अली बंदुकीपासून पूर्णपणे दूर झाले असे मात्र नाही. शास्त्राला नमुने लागतात, आणि ते त्यांनी गोळा केले. परंतु मौजेखातर होणारा संहार त्यांना असह्य होता. भरतपूरच्या पाणथळीत 12 नोव्हेंबर 1938 ह्या एका दिवशी, तेव्हाचे व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या शिकारीत 4,273 पक्षी पडले. योगायोग असा की, तोच सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ कोरडी करून शेतीखाली आणावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोचविले. ती पाणथळ वाचली. पुढे ती केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाली आणि 1985 मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली. जेथे पक्षी मोजले जात ते मेल्यावर, तेथे त्यांच्या पायांत हलकी कडी घालून त्यांना सोडून देण्याचे काम सोसायटीने केले, आणि त्या कड्यांवरून त्यांच्या दूरदेशीच्या प्रवासाचा माग लागू लागला.

त्यांचा स्वभाव कामात कठोर, पण रसिक होता. मोटारसायकलचे त्यांना इतके वेड की, 1950 साली स्वीडनमध्ये उपसाला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल जहाजाने युरोपात नेली आणि तीवरून ते हिंडले. डिलन रिप्ले ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सहकार्याने भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ त्यांनी 1974 पर्यंत सिद्धीस नेला. त्या वेळी ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण आणि 1985 मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व, असे मान त्यांच्याकडे चालत आले. ज्यांच्यापाशी पदवी नव्हती त्यांना विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर केले. 20 जून 1987 रोजी, मित्र लोक ह्यांच्या मृत्यूनंतर बरोबर तेवीस वर्षांनी, त्यांनी नव्वदाव्या वर्षी मुंबईस देह ठेवला. 1990 साली कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिशास्त्राचे केंद्र स्थापन झाले.

आज आमच्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. सलीम अलींच्या बालपणी हे साधन राजेरजवाड्यांनाही लाभले नव्हते. त्याचा उपयोग करावा. परंतु काही नियम पाळावेत. घरट्याजवळ जाऊ नये, कारण भ्यालेली मादी अंडी टाकून जाण्याचा संभव असतो. परळातील पाणी रोज बदलावे. दाणे बेताने टाकावेत आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशी जागा निवडावी. छायाचित्र घेतल्यावर त्याखाली दिवस, वेळ, स्थळ आणि पक्षी काय करीत होता हे लिहून ठेवावे. नोंदीशिवाय छायाचित्र म्हणजे केवळ शोभेची वस्तू होय.

माळव्यातही सुगरणी आहेत. विहिरीवर झुकलेली बाभळ किंवा शेताच्या बांधावरचे शिंदीचे झाड पावसाळ्यात पाहावे. खोपे लोंबताना दिसतील. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील दोन-चार विद्यार्थ्यांनी जरी अशा एखाद्या झाडापासून बेताच्या अंतरावर बसून, किती खोपे अर्धे राहिले आणि किती पुरे झाले ह्याची नोंद वहीत केली, तर ती आम्ही पुढील वर्षीच्या अंकात आनंदाने छापू.